माळावर थेंब नाही

त्या काळी विकास हा शब्द आमच्या खालापुरापर्यंत पोचला नव्हता. आम्ही सुधारणा म्हणायचो. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. साजगावच्या अंगाला एक कारखाना उभा राहायला लागला आणि मुंबई-पुणे रस्त्यावरून विटा, लोखंड, सिमेंट घेऊन लॉऱ्या धावायला लागल्या. सुधारणा पहिल्यांदा आमच्या वाळवणावर येऊन बसली. सकाळी घातलेले पापड संध्याकाळपर्यंत असे काही रंगायचे, की ते उडदाचे होते की नाचणीचे हे घालणारीलाही सांगता यायचं नाही.

तक्रारी सगळ्यांच्याच होत्या. खाणीत सुरुंग उडायचे, त्या आवाजानं कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलं असं आमच्या शेजारणीचं म्हणणं. तिच्या कोंबड्या लढाईच्या आधीपासूनच अंडी घालत नव्हत्या, पण आता दोष द्यायला कुणीतरी मिळालं होतं. बाजारात चहाची दोन हॉटेलं निघाली. माझे सासरे रोज हॉटेलात जायचे, एक कप चहा संपवायचे आणि हॉटेलांमुळे गाव कसं बिघडलं ते तिथंच बसून सांगायचे. कुठकुठले मिस्त्री, मुकादम खोल्या शोधत यायचे. ज्यांनी जन्मात गोठा झाडला नव्हता त्यांनी गोठे झाडले, चुना मारला आणि भाड्यानं दिले. आणि तीच मंडळी संध्याकाळी चावडीवर बसून गावात परकी माणसं फार झाली म्हणून हळहळायची.

मला स्वतःला सुधारणेचं एवढं भय वाटत नव्हतं. माझं माहेर कर्जतचं, तेही स्टेशनाला लागून. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिनं जोडतात, ते बघत मी वाढले. धूळ, शिट्ट्या, परकी माणसं हे मला नवं नव्हतं. सासरी मात्र माझं काही चुकलं की ‘कर्जतची ना ती!’ एवढं म्हटलं की पुरायचं. भाकरी करपली, कर्जतची. पदर ढळला, कर्जतची. आमच्या ह्यांना तर कारखान्यात कधी चिकटतो असं झालं होतं. ते घरात सुधारणेच्या बाजूनं बोलायचे आणि चावडीवर विरुद्ध. मी दोन्हीकडचं ऐकून गप्प बसायची, कारण नव्या सुनेला तेवढंच काम असतं.

आमची आळी गावाच्या वरच्या टोकाला. खालापूर म्हणजे तेव्हा कर्जत तालुक्याचा पेठा, म्हणजे पोटविभाग. मामलेदार कर्जतला आणि त्यांच्या हाताखालचे महालकरी आमच्याकडे, त्यांची कचेरी गावाच्या मध्यावर. गावात तळं होतं, पण ते गुरांचं आणि धुण्याचं. आमच्या आळीची विहीर होळी आली की तळ दाखवायची. पाताळगंगा दीड मैलावर. घाटाखालच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला उन्हाळ्यातही भरपूर असायचं, पण काठाची दरड उभी आणि पायाखालची माती निसरडी. पाऊस येईपर्यंतचे तीन-साडेतीन महिने आमच्या आळीनं काय प्यावं, असा प्रश्न कुणालाही पडला असता.

आम्हाला पडत नव्हता, कारण आमच्याकडे झरा होता.

आळीच्या मागं चढण चढून गेलं की गवताळ माळ लागायचा. दुरून बघाल तर तिथं दगड, करवंदीच्या जाळ्या आणि दोन-चार पळस, बाकी काही नाही. त्यातल्या एका जाळीच्या पोटात कातळाला खळगी होती आणि तिच्यात बारा महिने पाणी झिरपायचं. हंडा बुडेल एवढं खोल नव्हतं. करवंटीनं उपसून भरावं लागायचं. एक हंडा भरेपर्यंत माझी माहेरची सगळी कहाणी सांगून व्हायची. खळगीवर एक चपटी शिळा सरकवून ठेवलेली असायची आणि शिळेवर करवंदीचे डहाळे.

हे झाकणं लढाईत सुरू झालं. रस्त्यानं लष्करी लॉऱ्यांचे तांडे जायचे. एकदा एका तांड्याला आमची विहीर दिसली. माणसं प्याली, इंजिनं प्याली, दोघाचौघांनी डोक्यावर बादल्या ओतून घेतल्या, आणि जाताना आळीला बिस्किटांचा एक डबा देऊन आभार मानून गेले. फार सभ्य माणसं होती म्हणे. पण विहीर माघातच आटली. तेव्हापासून माझ्या सासूबाईंनी आळीला कायदा घालून दिला. टोपीवाला कुणीही येऊ दे, त्यानं पाणी विचारलं तर पाणी नाही. माळाबद्दल विचारलं तर तिथं थेंब नाही.

नुसतं तोंडानं नाही म्हणून भागत नव्हतं, पाणी आणताना दिसताही कामा नये. त्यासाठी बायकांनी जी युक्ती काढली होती तिला तोड नव्हती. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. तो पाला गोळा करायचे महिने तेच, पाणी नसायचे महिने तेच. मग बायका राबाच्या पाट्या घेऊन माळावर जायच्या, पाटीत हंडा ठेवायच्या, भरायच्या आणि वरून पाला दाबायच्या. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, काय कष्टाळू बायका आहेत, केवढा राब करतात! आमच्या आळीतून माळावर जेवढ्या पाट्या जायच्या तेवढा राब खरंच केला असता तर सगळा कुलाबा जिल्हा भाजून निघाला असता.

सासूबाईंनी मला हे सगळं पहिल्याच वर्षी शिकवलं. भाकरी थापायला शिकवताना त्या जेवढ्या रागवायच्या तेवढ्याच इथंही रागवायच्या. "अगं, नाय म्हनताना माळाकडं बघतेस कशाला? बघायचंच असल तर पायाकडं बघ. नवी सून हायेस, शोभंल तुला."

चैत्रात मोजणीदार आला. पुण्याकडचा तरुण माणूस, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला सोला टोपी, मागं साखळी धरणारे दोन गडी. कारखान्यासाठी जागा बघत हिंडत होता. आळीत त्यानं घरोघर विचारलं. म्हाताऱ्यांना विचारलं, पुरुषांना विचारलं, आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, माळावर थेंब नाही. मग तो स्वतः माळावर चढला, आणि नेमका मला उतरणीवर भेटला. माझ्या डोक्यावर पाटी होती, पाटीत तोंडापर्यंत भरलेला हंडा.

"बाई, इकडे कुठे पाणी मिळतं का हो?"

मी पायाकडं बघितलं. "नाय ओ सायेब. हितं थेंब नाय."

"मग तुम्ही लोक उन्हाळ्यात करता काय?"

"काय करनार? आमचं नशीब." हे वाक्य मला कुणी शिकवलेलं नव्हतं, माझं मला सुचलं. मी जरा खूश झाले आणि तिथंच माझा तोल गेला. हंडा डचमळला. पाटीच्या फटीतून पाणी निघालं, चुंबळीतून कपाळावर आलं आणि नाकाच्या शेंड्यावरून टपटप गळायला लागलं.

"अरे अरे, केवढा घाम आलाय तुम्हाला!" तो कळवळून म्हणाला. "उतरवा ती पाटी. ए, बाईंच्या डोक्यावरची पाटी घे रे खाली."

गडी पुढं झाला. मी दोन पावलं मागं सरले. "नको नको! आमच्यात दुसऱ्यानं पाटी उतरवायची नसते. वाईट असतं." असा काही रिवाज आमच्यात नव्हता, पण आता खोटं बोलायला माझी जीभ सैल सुटली होती.

तो बिचारा थांबला. मग त्यानं खांद्यावरची कॅनव्हासची पाण्याची पिशवी काढली, बूच उघडलं आणि म्हणाला, "निदान घोटभर पाणी तरी प्या."

मी काय करणार? मान वाकवली तर हंडा जाणार. मान ताठ ठेवून, नजर समोर, मी ओंजळ पुढं केली आणि त्यानं ती भरली. निम्मं चोळीवर सांडलं, निम्मं प्याले. गार होतं. तो माझ्याकडे इतक्या आदरानं बघत होता की मला पळून जावंसं वाटलं. पाणी दीड हाताच्या अंतरावर, माझ्याच डोक्यावर, आणि मी त्या दमल्या माणसाचं पाणी पीत होते.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आळीतल्या बायका हसून हसून लोळल्या. सासूबाई हसल्या नाहीत, पण रात्री जेवताना त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात भाकरी वाढली. असं आधी कधी झालं नव्हतं. मला मात्र ती ओंजळ आठवत होती.

महिन्याभरानं बातमी आली. आमच्याच आळीतला एक जण कचेरीत शिपाई होता, त्यानं आणली. कारखान्यात कोळशावर चालणारे बॉयलर बसणार होते. त्यांची राख, जळका कोळसा, इतर घाण टाकायला गावाबाहेर जागा हवी होती. राखेच्या जागी पाणी असून चालत नाही, नासतं. म्हणून जिथं पाणी नाही अशी जागा शोधत होते. मोजणीदारानं आमचा माळ सुचवला होता. पीक नाही, मोठं झाड नाही, आणि गावकऱ्यांच्या एकमुखी सांगण्यावरून, थेंब नाही.

आळीत सगळे एकदम बोलायला लागले. पुरुषांनी ताबडतोब अर्ज करायचा ठरवला. अर्जात माळावर पाणी आहे असं लिहायचं होतं, पण लिहिता लिहिता त्यात शेजारणीच्या कोंबड्या आल्या, धूळ आली, हॉटेलं आली. सासऱ्यांनी हॉटेलांवर स्वतंत्र परिच्छेद घालायला लावला. महालकऱ्यांनी आठ दिवसांनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं.

सासूबाई अर्जाच्या विरुद्ध होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी झऱ्यावर होतो. त्या करवंटीनं उपसत होत्या, मी हंडा धरला होता.

"दाखवून टाकू या, आत्याबाई," मी म्हणाले. "पानी बघितलं तर राख नाय टाकनार."

"आनि पानी बघून कारखान्यानं नळ जोडला तर?"

"राख पडली तर तसंही जानारच."

त्यांनी पाच-सहा करवंट्या ओतल्या. मग उपसता उपसताच, खाली बघत, त्यांनी मला सांगितलं. त्यांना सातवा महिना होता, पहिलटकरीण होत्या. तेव्हा हा झरा कुणाला ठाऊक नव्हता, आळी नदीला जायची. दरड चढताना पाय सुटला. "हंडा खाली गेला. त्याच्या मागं मी गेले. हंडा सापडला नंतर, चेपला व्हता नुसता." एवढंच. बाकीचं मी न विचारता समजले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना माळावर रानडुकरानं उकरलेली ओल दिसली आणि त्यांनी हातानं उकरत जाऊन कातळातली खळगी मोकळी केली. "तवापासून मी नदी उतरले नाय. माझ्या घरात सून येईल तिला बी उतरू द्यायची नाय, ह्ये मी तवाच ठरवलं. म्हनून ह्यो झरा झाकते मी. समजलं?"

मला वाटत होतं की सासूबाई झऱ्याच्या बाबतीत कंजूष आहेत. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण त्या दाखवायच्या नाहीत हे आता पक्कं झालं होतं.

कचेरीत त्या आल्या नाहीत. बाकी सगळी आळी आली. महालकरी वयस्कर, शांत गृहस्थ होते. एका बाजूला कारखान्याचा माणूस बसला होता, दुसऱ्या बाजूला मोजणीदार. कोंबड्यांचा मजकूर महालकऱ्यांनी गंभीरपणे ऐकून घेतला. हॉटेलांचा परिच्छेद वाचताना त्यांनी माझ्या सासऱ्यांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "काल संध्याकाळी आपण दोघं शेजारच्याच टेबलावर होतो, नाही का?" कचेरी हसली. मग ते पाण्यावर आले.

"माळावर पाणी आहे?"

"हाय!" सगळे म्हणाले.

"यांनी चैत्रात विचारलं तेव्हा?"

मोजणीदार उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "साहेब, मी सतरा घरी विचारलं. एका बाईला तर उन्हात घामानं निथळताना पाहून माझ्याजवळचं पाणी दिलं मी. पाणी असतं तर ती बाई माझं पाणी प्यायली असती का?"

"बरोबर आहे," कारखान्याचा माणूस म्हणाला. "राखेचं ऐकल्यावर यांना पाणी आठवलं."

महालकऱ्यांनी विचारलं, "तुमचं कोणतं बोलणं खोटं मानू? आधीचं की आत्ताचं?" आणि आमची पुरुष मंडळी पागोट्यांशी चाळा करत बसली. कुठल्याही तोंडानं सांगितलं तरी गाव खोटं ठरत होतं. आमचे हे तर भिंतीकडे बघत होते. कारखान्याचा माणूस तिथं होता ना, त्यांना चिकटायचं होतं.

मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी होते. सासऱ्यांसमोर मी घरातसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता. पण मला तेव्हा सातव्या महिन्यातल्या सासूबाई दिसत होत्या, आणि माझ्या तोंडातून शब्द गेले.

"ती बाई मी."

सगळ्या माना वळल्या.

"आधीचं बोलनं खोटं. मी तुमचं पानी प्याले तवा माझ्या डोईवर भरला हंडा व्हता, सायेब. पाल्याखाली. तुमाला दिसला तो घाम नव्हता."

आधी महालकऱ्यांचा शिपाई हसला, मग सगळी कचेरी. कारखान्याचा माणूससुद्धा रुमालात हसला. हसला नाही तो एकटा मोजणीदार. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. मला आजही ते कान आठवले की बसल्या जागी चुळबुळ होते.

"चला," महालकरी उठले. "बघून येऊ."

सगळी वरात माळावर गेली. जाळीपाशी पोचलो तर शिळेवर सासूबाई बसलेल्या, मांडी घालून, पदर खोचून. त्यांना कुणी कळवलं ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. घरी गेल्यावर माझं काय होणार ते त्या बघण्यात सगळं होतं.

महालकरी उन्हात त्यांच्यासमोर उभे राहिले. "आजी, उठा बरं. पाणी बघू द्या."

"उठते. पन आधी सांगा, दावलं तर ह्ये पानी कारखाना नेनार नाय?"

महालकऱ्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. आम्ही सगळे उन्हात होतो आणि त्यांचा घाम पुसून संपत नव्हता. "राख इथं पडणार नाही, एवढं मी आज लिहून देऊ शकतो," ते म्हणाले. "पुढं कोण काय नेईल, ते माझ्या हातात नाही. तसं वचन मी देत नाही."

टोपीवाल्यानं खरं सांगितलेलं बहुधा सासूबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग उठल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायलीस? लाव हात."

आम्ही दोघींनी शिळा सरकवली. वैशाखातलं पाणी, स्वच्छ, तळाचे खडे दिसत होते. महालकरी प्याले, कारखान्याचा माणूस प्याला. मोजणीदाराला मी करवंटी दिली. तो प्याला आणि हळूच म्हणाला, "बाई, त्या दिवशी मला खरं सांगितलं असतं तर मी काय पाणी उचलून नेणार होतो?" मी त्याच्या हातातली करवंटी घेऊन पुन्हा भरली.

राख आमच्या माळावर पडली नाही. गावानं आनंद केला आणि महिन्याभरात सगळं श्रेय अर्जाला गेलं, त्यातही सासऱ्यांच्या परिच्छेदाला. आमचे हे कारखान्यात चिकटले. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? सासूबाई माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. सोळाव्या दिवशी भाकरी करपली, तेव्हा बोलल्या.

दसऱ्याच्या सुमारास मला दिवस गेले. कारखाना सुरू झाला होता. एकदा ह्यांना डबा देता देता मी सहज विचारलं, "राख टाकतात कुठं हो आता?"

"पलीकडं. ठाकरवाडीच्या उताराला."

"तिथं पानी नाय?"

"कुणी अर्ज केला नव्हता," ते म्हणाले आणि सायकलीवर बसून गेले.

ठाकरवाडी माळाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत, ठाकर लोकांच्या पंधरा-वीस झोपड्यांची. तिथल्या बाया बाजाराला लाकडं, करवंदं घेऊन यायच्या. त्यांना मी रोज बघत होते. त्यांचा झरा होता की नव्हता, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. आपली राख गेली, एवढ्यावर मी समाधानी होते.

चैत्रात त्या आल्या. आम्ही झऱ्यावर होतो, आळीतल्या सहा-सात जणी. चढणीवरून पाच ठाकरणी उतरल्या, मातीची मडकी घेऊन. त्यांच्या ओहोळाचं पाणी राखेनं काळं झालं होतं. त्यांनी आमच्याजवळ काही मागितलं नाही, जाळीपासून दहा हातांवर नुसत्या उभ्या राहिल्या. आमच्यातली शेजारीण, कोंबड्यांवाली, पटकन शिळेकडे सरकली. पण शिळा उघडी होती, आणि त्यांना पाणी दिसलं होतं.

"आमालाच पुरत नाय," शेजारीण मला म्हणाली, त्यांना ऐकू जाईल अशी. ते खरंही होतं. त्या वर्षी झरा आधीच मंद होता.

सासूबाई करवंटी हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी त्या पाच जणींकडे बघितलं. त्यातली एक पोटुशी होती, साधारण माझ्याएवढेच दिवस गेलेली. सासूबाईंनी करवंटी खाली ठेवली.

"एक दिस आमी, एक दिस तुमी," त्या ठाकरणींना म्हणाल्या. "आज तुमी भरा."

शेजारीण उसळली. "आनि आमी काय करायचं? नदीला जायाचं? तुमच्या घरात सून पोटुशी हाय, तिचा तरी इचार करा!"

"माझी सून जाईल नदीला," सासूबाई म्हणाल्या.

मला इतका राग आला की माझे डोळे भरले. मी भरलेला अर्धा हंडा तिथंच ओतून दिला असता, पण पाणी ओतायची सवय नव्हती. ज्या दरडीपासून मला वाचवायला त्यांनी सगळ्या गावाला खोटं बोलायला लावलं, त्याच दरडीवर त्या मला पाठवत होत्या. राख दुसऱ्याच्या दारात गेली यात माझाही हात होता, हे मला कळत होतं, पण कळून राग कमी होत नव्हता. सातवा महिना होता माझा.

तिसऱ्या दिवशी पुन्हा ठाकरणींची पाळी आली, तेव्हा पहाटे उठून मी हंडा घेतला आणि निघाले. मागून पावलं वाजली. सासूबाई होत्या, खांद्यावर कुदळ. दीड मैल त्या माझ्या मागून चालत आल्या. दरडीशी आलो तेव्हा उजाडलं होतं. खालून पाण्याचा आवाज येत होता. मी थांबले, त्याही थांबल्या. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. मला वाटलं आता त्या परत फिरतील, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

त्यांनी कुदळ घातली. एक पायरी खणली, तिच्यावर उतरल्या, खालची खणली. अशा आठ-नऊ. धाप लागली होती, मधेच बसायच्या, पुन्हा उठायच्या. मी म्हटलं, "आत्याबाई, द्या इकडं," तर ऐकू आलं नाही असं दाखवलं. पाण्यापाशी पोचल्यावर त्यांनी कुदळ टाकली, आणि नदीकडे पाठ करून, तोंड माझ्याकडे, दोन्ही हात वर केले.

"ये," त्या म्हणाल्या. "सावकाश. मी हाय खाली."

मी उतरले.